हुशार मुलांचे शिक्षण आणि घरचा हिशेब



या पानावर आम्ही एरवी बेणे, खोडवा, पाचट आणि खतांच्या मात्रा यांविषयी लिहितो. पण जुलै महिन्यात आडसालीच्या नोंदी घ्यायला बांधावर आलो, की उसाचे बोलणे दहा मिनिटांत उरकते आणि पुढचा अर्धा तास कॉलेजवर जातो. "साहेब, पोरीला सीईटीला चांगले मार्क आहेत, पुढं काय करावं?" हा प्रश्न आता गटागटात ऐकू येतो. म्हणून या अंकात उसाला थोडी विश्रांती.

ज्या घरातील मूल अभ्यासात मागे आहे, तेथे आई-बाप निदान काळजी तरी करतात. जे मूल धीट, हुशार, स्वतःच्या तोंडाने बोलणारे, त्याच्याकडे मात्र दुर्लक्ष होते. "हुशार आहे, तिचं ती बघेल." हे वाक्य आम्ही इतक्या ओसऱ्यांवर ऐकले आहे, की त्याची आता धास्ती वाटते. अकरावी-बारावीची दोन वर्षे बाप काही विचारत नाही, पोरगी काही सांगत नाही. मग प्रवेशाच्या आठवड्यात कॉलेजचा कागद घरी येतो आणि बाप म्हणतो, "एवढा पैसा कुठनं आणू?" घरात पैसा किती आहे हे त्या पोरीला त्या दिवशी पहिल्यांदा कळते. दोन वर्षे जी स्वप्ने बघू दिली, ती एका संध्याकाळी मोडायची, हे काही बरे नव्हे.

आमचे स्पष्ट मत असे, की मूल अकरावीत गेले की घरचा हिशेब त्याच्यापुढे मांडावा. लपवण्यात काही अब्रू नाही.

समजा, तुमचा लागण आणि खोडवा मिळून ९० टन ऊस गेला आणि टनाला ३,००० रुपये धरले, तर बिल झाले २,७०,००० रुपये. पोरगं कॉलेजात मित्रांना सांगते, "आमचं पावणेतीन लाखाचं बिल निघालं." त्यातून सोसायटीचे पीककर्ज १,१०,००० वजा. खताच्या दुकानची उधारी ४०,००० वजा. राहिले १,२०,०००. यात वर्षाचे घर चालवायचे, दवाखाना, एखादे लग्नकार्य आणि पुढच्या लागणीची मशागत. आता शहरात राहण्या-जेवणाला समजा वर्षाला ७०,००० लागले, तर फी बाजूलाच राहिली, नुसते राहणेच किती जड जाते ते मुलाला आपोआप दिसते.

धीट मूल आकड्याला भीत नाही, हा आमचा अनुभव. आमच्या एका गटातील सभासदाने बिलाची पट्टी आणि सोसायटीचे पासबुक पोरीपुढे ठेवले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आबा, मग फी माफ होईल असंच कॉलेज मी शोधते. तुम्ही फक्त राहायचं बघा." आबांना वाटले होते पोरगी रडेल. तिने वही काढली.

आता शोधायचे काय, ते सांगतो.

मुलींसाठी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे महाराष्ट्र शासनाचा ८ जुलै २०२४ चा निर्णय. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. पूर्वी ही सवलत निम्मी होती. पण अट अशी, की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून झालेला पाहिजे. "साहेब, ओळखीनं मॅनेजमेंट कोट्यातनं सीट मिळते" म्हणून जे आधीच पैसे भरून मोकळे होतात, त्यांची माफी तेथेच गेली. खाजगी अभिमत विद्यापीठांनाही हा निर्णय लागू नाही. नावे सारखी असतात, इमारती भपकेदार असतात. कॉलेज कोणत्या प्रकारातले आहे ते आधी विचारावे. मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी फी मिळते. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या योजना वेगळ्या आहेत, त्यांची उत्पन्नाची मर्यादाही वेगळी.

राहण्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. ती अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांसाठीच. तरी बांधावर विचारले तर दहांत दोघांना नाव माहीत असते. अल्पभूधारक असल्याचा दाखला तहसीलमधून काढावा लागतो.

ज्यांना इंजिनिअरिंग-फार्मसी नको, साधे बी.एस्सी. किंवा बी.ए. करायचे आहे, त्यांनी केंद्र सरकारची कॉलेज विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती बघावी. बारावी बोर्डात आपल्या शाखेत वरच्या २० टक्क्यांत आलेल्या आणि साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलांसाठी ती आहे. पदवीला वर्षाला १२,००० रुपये. रक्कम मोठी नाही, पण मेसचे काही महिने निघतात. आणि धाकटे मूल आठवीत असेल तर एन.एम.एम.एस. परीक्षेला बसवाच. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील, साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलांसाठी ती आहे. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. फॉर्म भरण्याची सवयही तेथूनच लागते.

काही घरी वेगळीच अडचण येते. "आपण बागायतदार, शिष्यवृत्ती मागायला आपण काय भिकारी?" कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली पहिले बोर्डिंग काढले, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू केली, ती कशासाठी? त्या बोर्डिंगांत शिकलेली शेतकऱ्यांची पोरे पुढे वकील झाली, अधिकारी झाली, सहकारी संस्थांच्या कारभारात आली. शिष्यवृत्ती हा हक्क आहे आणि तो नियमात बसत असेल तर घ्यावाच. नियमात बसत नसेल तर मात्र उत्पन्न कमी दाखवून दाखला काढू नये. एक तर पडताळणीत सापडले तर पैसे परत करावे लागतात, शिवाय गुन्हा. दुसरे म्हणजे, पोरगं शेजारी उभे राहून सगळे बघत असते.

कागदांविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण हुशार मुलांचे नुकसान मार्कांपेक्षा कागदांनीच जास्त होते. जातीचा दाखला असतो पण जात पडताळणी झालेली नसते. ती अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज करून उरकावी. जुलैत धावपळ करून ती होत नाही. आधारवरचे नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज अडकतो. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चनंतर नवा काढावा लागतो. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि खाती दोन-तीन असतील तर शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. पैसे आले नाहीत म्हणून रडणाऱ्या एका मुलाचे पैसे भलत्याच बँकेत पडून होते, हे आम्ही पाहिले आहे. पाच एकर आणि त्याहून जास्त शेतजमीन असलेल्या कुटुंबाला केंद्र सरकारच्या संस्थांसाठी आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला मिळत नाही, हेही आपल्या लोकांनी ध्यानात ठेवावे. आय.आय.टी.चा विचार करणाऱ्या मुलाला हे आधी कळले पाहिजे.

फॉर्म भरण्याचे काम मुलानेच करावे. सेवा केंद्रात जाऊन "साहेब, भरून टाका" म्हटले, की तो चालक आपलाच मोबाइल नंबर टाकतो आणि पासवर्डही त्याच्याच वहीत राहतो. पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी त्याने दुकान बंद केलेले असते. शिष्यवृत्ती दर वर्षी नूतनीकरण करावी लागते, एकदा मिळाली म्हणजे चार वर्षांची झाली असे नाही. केंद्रात जायला हरकत नाही, पण नंबर घरचा आणि वही पोरीची. बापाने फक्त तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात आणि तहसीलच्या खेपा माराव्यात. या खेपा मात्र पोरांच्या गळ्यात टाकू नयेत, त्यांच्या अभ्यासाचे दिवस असतात.

आता खरी ठिणगी कुठे पडते ते सांगतो. प्रवेश फेरीत कॉलेजांची पसंती क्रमाने लिहायची असते. पोरगी पुण्याचे कॉलेज वर लिहू पाहते, आई तालुक्याचे. "लांबचं अवघड कॉलेज वर लिहिलं तर जवळचंही हातचं जाईल," अशी भीती घातली जाते. ही भीती निराधार आहे. जागा गुणानुक्रमाने भरतात. तुमच्या मुलाची पाळी आली की यंत्र त्याची यादी वरून खाली वाचते आणि जी पहिली शिल्लक जागा दिसेल ती देते. वर अवघड कॉलेज लिहिल्याने खालचे हुकत नाही. उलट पहिल्या पसंतीचे लागले की ते घ्यावेच लागते, पुढच्या फेरीत बदल मिळत नाही. म्हणून आईच्या समाधानासाठी जवळचे कॉलेज पहिले लिहिले, तर ते लागेल आणि तेथेच विषय संपेल. यादी खऱ्या आवडीच्या क्रमाने लिहावी. जेथे पाठवायचेच नाही ते कॉलेज मुळीच लिहू नये. ते वाद यादी भरायच्या आधी घरात बसून मिटवावेत.

मिटवताना मुलाला "का" असे जरूर विचारावे. आत्मविश्वास आणि माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "मी कॉम्प्युटर इंजिनिअर होणार" असे छातीठोक सांगणाऱ्या मुलाला दुसऱ्या वर्षाला कोणते विषय असतात ते विचारा. सांगता आले नाही तर रागावू नका, एस.टी.चे भाडे द्या आणि त्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेल्या आपल्या भागातल्या कोणा मुलाला भेटून यायला सांगा. दोन तासांत त्याला जे कळेल, ते आपण दोन वर्षांत सांगू शकणार नाही. ज्या मुलीला रसायनशास्त्र आवडते तिला डॉक्टरकीशिवाय काही सुचवलेच जात नाही. तिने पुण्याजवळ मांजरीला असलेल्या, १९७५ साली स्थापन झालेल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे साखर आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम एकदा बघावेत. आपल्याच उसावर चालणारा धंदा, आणि आपल्याच मुलींना तो दुरून माहीत.

मुलींच्या बाबतीत आणखी एक बोलतो, कोणाला लागले तर लागो. मुलाचा आत्मविश्वास म्हणजे हिंमत आणि मुलीचा म्हणजे तोरा, असे धरणारी घरे अजून आहेत. "एवढी बोलते, हिला कुठलं स्थळ येणार?" असे चुलते म्हणतात आणि बाप मान खाली घालतो. फीमाफी शासनाने दिली, पण चुलत्यांना उत्तर बापानेच दिले पाहिजे.

शेवटी पैशाची वेळ. बिले हंगामात, म्हणजे डिसेंबर ते एप्रिलमध्ये येतात. प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये असतात. शिष्यवृत्तीची रक्कमही प्रवेशाच्या दिवशी हातात नसते, ती मागाहून येते. मधले महिने कोरडे, आणि त्याच महिन्यांत सावकार गोड बोलतो. बिल जमा झाले त्याच दिवशी जुलैपुरती रक्कम मुलाच्या नावे वेगळी टाकावी. तरीही कमी पडले तर रान विकण्याआधी शैक्षणिक कर्जाचे बघावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक नामांकित संस्थांत प्रवेश मिळाल्यास तारण आणि जामीनदार न घेता कर्ज मिळते. मात्र कर्ज मुलाच्या डोक्यावर राहते, हे त्याला सही करण्याआधी आकड्यांसह सांगावे. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत कर्मवीरांच्या नावाने कमवा व शिका योजना आहे. त्यात काम करणाऱ्या मुलांना कमीपणा वाटत नाही, आई-बापांनाच वाटतो.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठी ऊसबिलाचा तपशील मागतात. तो गट ऑफिसात सभासद क्रमांक सांगितल्यावर मिळतो. जूनमध्ये गर्दी होते, एप्रिलमध्येच घेऊन जावा.