विज्ञानशाखेची चार अक्षरे

बंगळूर शहराच्या आग्नेयेस, आगरा तलावाच्या बाजूला, एचएसआर लेआउट नावाची विस्तीर्ण वसाहत आहे. होसूर आणि सर्जापूर या गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांची आद्याक्षरे घेऊन तिचे नाव पडले. संगणकव्यवसायाच्या निमित्ताने देशाच्या निरनिराळ्या भागांतून येथे येऊन राहिलेल्या लोकांत पुण्या-मुंबईची, नागपूर-कोल्हापूरची मराठी कुटुंबेही आहेत. घरातील मूल नववी-दहावीत गेले, की या कुटुंबांची गाठ आणखी काही अक्षरांशी पडते. पी.सी.एम.बी., पी.सी.एम.सी., पी.सी.एम.ई. ही ती अक्षरे होत. ती दिसायला लहान असली, तरी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या पुढील वाटा कोणत्या राहतील, हे पुष्कळ अंशी त्यांवरच ठरते.

दहावीपर्यंत निवडीचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. डॉ. कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ मध्ये जो अहवाल सादर केला, त्यात शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान व गणित सर्वांना सक्तीचे असावे, अशी शिफारस होती. आजची व्यवस्था बहुतांशी त्याच पायावर उभी आहे. भेद आहे तो मांडणीत. एचएसआर लेआउटमधील नॅशनल पब्लिक स्कूल किंवा जे. एस. एस. पब्लिक स्कूल या केंद्रीय मंडळाच्या शाळांत दहावीला विज्ञान हा एकच विषय असतो. लॉरेन्स हायस्कूलसारख्या आय.सी.एस.ई. शाळेत पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र यांच्या तीन स्वतंत्र प्रश्नपत्रिका असतात. कर्नाटकाच्या राज्यमंडळाची दहावीची विज्ञानाची प्रश्नपत्रिका एकच असते. महाराष्ट्रात तिचे दोन भाग केलेले आहेत. मुळातील विषय मात्र सर्वत्र जवळपास तेच आहेत: प्रकाश आणि वीज, आम्ले आणि आम्लारी, पेशी आणि आनुवंशिकता.

खरी फाटाफूट होते ती अकरावीला. महाराष्ट्रात ज्यास कनिष्ठ महाविद्यालय म्हणतात, त्यास कर्नाटकात प्री-युनिव्हर्सिटी, म्हणजे विद्यापीठपूर्व अभ्यासक्रम, असे नाव आहे. तो दोन वर्षांचा असून त्यात दोन भाषा आणि चार वैकल्पिक विषय घ्यावे लागतात. भाषांच्या यादीत मराठीही आहे. मात्र ती शिकविण्याची सोय प्रत्येक महाविद्यालयात असतेच असे नाही. विज्ञानशाखेच्या प्रचलित जोड्यांत पहिली तीन अक्षरे समान असतात. पी म्हणजे पदार्थविज्ञान, सी म्हणजे रसायन, एम म्हणजे गणित. चौथ्या जागी जीवशास्त्राचा बी येतो, संगणकशास्त्राचा सी येतो किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा ई येतो. निर्णय करावयाचा तो या चौथ्या अक्षराचा.

याविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. संगणक अभियंता व्हावयाचे असेल, तर अकरावीला संगणकशास्त्र घेतलेच पाहिजे, असे अनेक पालक धरून चालतात. वस्तुतः अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षा पदार्थविज्ञान, रसायन आणि गणित यांच्याच असतात. चौथा विषय कोणता होता, यावरून सामान्यतः प्रवेश अडत नाही. वैद्यकाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तेथील राष्ट्रीय प्रवेशपरीक्षेत जीवशास्त्र अटळ आहे. म्हणजे संगणकाचा सी सोडला तर विशेष हानी होत नाही. पण बी सोडला तर एक दार लागते. ते कायमचे लागते असेही आता म्हणता येत नाही. बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यांनाही ही परीक्षा देता येईल, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. तथापि त्यासाठी वेळ आणि श्रम दोन्ही पुन्हा खर्ची पडतात.

मग सर्वांनीच बी घ्यावा काय? त्याने दोन्ही दारे उघडी राहतात हे खरे. परंतु गणित आणि जीवशास्त्र ही दोन ओझी बरोबर वाहताना कित्येक मुले दोन्हींत मागे पडतात. ज्याचे मन यंत्रात रमते, त्याने केवळ भीतीपोटी बेडकाच्या रुधिराभिसरणाशी झुंजत राहणे शहाणपणाचे नव्हे.

परप्रांतातून आलेल्या कुटुंबाला आणखी एक हिशेब मांडावा लागतो. कर्नाटकाच्या राखीव जागांसाठी सर्वसाधारणपणे त्या राज्यात सात वर्षांचे शिक्षण झालेले असावे लागते. त्यास काही अपवाद आहेत. महाराष्ट्रात वैद्यकाच्या राज्याच्या कोट्यातील जागांसाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी त्याच राज्यातून झालेली असावी, असा सर्वसाधारण नियम आहे. नववीत बंगळूरला आलेले मूल अशा रीतीने दोन्ही राज्यांच्या मधोमध उभे राहू शकते. म्हणून बदलीचा हुकूम हाती पडताच घरभाड्याइतकीच चौकशी त्या वर्षीच्या प्रवेशनियमांचीही केली पाहिजे.

अक्षरांच्या या गणितात जी गोष्ट हमखास मागे पडते, ती म्हणजे प्रयोगशाळा. बारावीच्या पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र या विषयांत बहुतेक मंडळांनी शंभरांपैकी तीस गुण लेखी परीक्षेबाहेर, मुख्यतः प्रात्यक्षिकासाठी, ठेवले आहेत. ते उगाच नव्हेत. ऑक्झॅलिक आम्लाच्या ऊन द्रावणात ब्युरेटमधून परमँगनेटचा जांभळा थेंब पडतो आणि विरून जातो. असे कितीतरी थेंब विरतात, आणि अखेरीस एकाच थेंबाने सारे द्रावण फिकट गुलाबी होऊन तसेच राहते. तो एक थेंब ओळखण्यासाठी जे अवधान लागते, ते कोणत्याही मार्गदर्शिकेतून पाठ करता येत नाही. लंबकाची वीस आंदोलने मोजून गुरुत्वत्वरण काढताना उत्तर पुस्तकातल्यासारखे आले नाही, तर चूक कोठे झाली हे शोधणे, हेच विज्ञानाचे पहिले शिक्षण होय. जेथे प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी प्रयोगांचे तास गिळले जातात आणि वह्या एकमेकांच्या पाहून भरल्या जातात, तेथे चारही अक्षरे मिळतात. विज्ञान तेवढे मिळत नाही.

तेव्हा शाळा किंवा महाविद्यालय निवडताना पालकांनी तीन प्रश्न विचारावेत. मुलाचा ओढा ज्या विषयाकडे आहे, तो विषय या जोडीत आहे काय? या जोडीने कोणते दार बंद होते, आणि ते बंद झाले तर चालणार आहे काय? आणि आठवड्यातून किती तास मुलाच्या हाती खरोखर उपकरण येते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकात आणि घरातील मोकळ्या बोलण्यात सापडतात. तिसऱ्यासाठी मात्र प्रयोगशाळेच्या दारापर्यंत जाऊन आत डोकावून पाहावे लागते.