ईएसआयने अपंगत्व लाभ नाकारला, तर पुढे काय?

भोसरी, चाकण, वाळूज, अंबड, कोणत्याही एमआयडीसीत चहाच्या टपरीवर थोडा वेळ थांबलं, तर ग्लास धरणाऱ्या हातांत एखादं बोट अर्धं असलेला हात दिसतो. पॉवर प्रेसखाली किंवा मोल्डिंग मशीनमध्ये गेलेलं ते पेर असतं. अशाच वेळेसाठी पगारातून दरमहा 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. हाच राज्य कामगार विमा, म्हणजे आपल्या बोलण्यातला ईएसआय.

कामावर अपघात झाला तर यातून दोन लाभ मिळू शकतात. जखम भरेपर्यंत मजुरीच्या 90 टक्के दराने मिळतो तो तात्पुरता अपंगत्व लाभ. जखम भरल्यावरही जी उणीव राहते, तिच्यासाठी आयुष्यभर मिळतो तो कायमचा अपंगत्व लाभ. आपण पुन्हा त्याच नोकरीवर रुजू झालात तरी कायमचा लाभ बंद होत नाही. भांडण बहुतेक वेळा या दुसऱ्या लाभावरूनच होतं.

समजा नकार आला. पहिलं काम म्हणजे तो लेखी हातात घेणं. खिडकीवर कुणी तोंडी सांगितलं, ‘तुमचं होत नाही’, तर तो नकार धरू नका. साध्या कागदावर अर्ज लिहून निर्णय कारणांसह लेखी मागा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्या. पत्र टपालाने आलं तर पाकीट फेकू नका. मुदत निर्णय आपल्याला कळल्यापासून मोजतात, आणि ती तारीख त्या पाकिटावरून दाखवता येते.

आता पत्र शांतपणे वाचा आणि नकार कशाला आहे ते ओळखा. नकार दोन प्रकारचे असतात. एक, ‘हा कामावरचा अपघातच नाही.’ दुसरा, अपघात मान्य, पण मेडिकल बोर्डाने अपंगत्व शून्य किंवा फार कमी ठरवलं. दोन्हींचे दरवाजे वेगळे आहेत आणि मुदतीही वेगळ्या. सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो इथे. माणूस बोर्डापुढे सुपरवायझरची चूक सांगत बसतो, पण बोर्डाला फक्त हात तपासायचा असतो.

पहिला प्रकार आधी पाहू. अपघातच अमान्य झाला, तर दाद कर्मचारी विमा न्यायालयात मागायची. विम्याचे वाद ऐकणारं हे खास न्यायालय आहे, आणि वादाचं कारण घडल्यापासून तीन वर्षांच्या आत तिथे अर्ज करावा लागतो. या वादात कायदा कामगाराच्या बाजूने बराच झुकलेला आहे. काम चालू असताना अपघात झाला असेल आणि उलट पुरावा नसेल, तर तो कामामुळेच झाला असं मानलं जातं. ‘गार्ड काढून मशीन चालवलं, चूक तुमचीच’ हे वाक्य आपल्याला ऐकवलं जाईल. पण नियम मोडून केलेलं काम मालकाच्या धंद्यासाठीच होतं, तर तेवढ्यावरून लाभ जात नाही. घर ते कारखाना या वाटेवरचा अपघातही यात बसू शकतो, मात्र वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दाखवावा लागतो.

हे प्रकरण बिघडतं ते अपघाताच्या दिवशीच. हात रक्ताने भरलेला असतो, कुणीतरी खासगी दवाखान्यात नेतं आणि केसपेपरवर ‘घरी पडल्याने इजा’ असं लिहिलं जातं. पुढे प्रत्येक टेबलावर तोच कागद आडवा येतो. असं झालं असेल तर खरी हकीकत लवकरात लवकर लेखी द्या. सोबत त्या पाळीची हजेरी, गेटवरची नोंद, शेजारच्या मशीनवरच्या सहकाऱ्याचा जबाब, सुपरवायझरला केलेल्या फोनची वेळ, जे मिळेल ते जोडा. कारखान्याने भरायचा अपघात अहवाल फॉर्म 12 मध्ये असतो आणि अपघात वहीतली नोंद फॉर्म 11 मध्ये. दोन्हींच्या प्रती मागा.

आणखी एक जागा ठेकेदाराच्या कामगारांची. अपघात होईपर्यंत नोंदणीच केलेली नसते आणि बोट गेल्यावर घाईने नाव चढवलं जातं. मग कार्यालयाला संशय येतो. अशा वेळी आधीच्या महिन्यांत आपण तिथे कामाला होतात हे सिद्ध करणं हाच खरा मुद्दा. बँक खात्यात आलेला पगार, हजेरी कार्ड, गेटपास यांतून ते दिसतं. वर्गणी न भरण्याची चूक मालकाची असेल, तर महामंडळ कामगाराला लाभ देऊन रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं. अपघाताच्या लाभासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अटही नाही. कामाच्या पहिल्या दिवसापासून हे संरक्षण लागू होतं.

आता दुसरा प्रकार, टक्क्यांचा. बोर्ड ठरवतं ती ‘कमाईक्षमतेतील घट’, म्हणजे या इजेमुळे कमावण्याची ताकद किती कमी झाली. काही इजांचे टक्के कायद्याच्या अनुसूचीत ठरलेले आहेत. अंगठा पूर्ण गेला तर 30. तर्जनी पूर्ण गेली तर 14, दोन पेरं गेली तर 11, एक पेर गेलं तर 9. हाड न जाता नुसतं टोक कापलं गेलं तर 5.

या आकड्यांचा अर्थ पैशांत पाहा. समजा आपला पूर्ण दैनिक दर 540 रुपये निघाला. 9 टक्के म्हणजे दिवसाला 48 रुपये 60 पैसे, 30 दिवसांचे 1,458. तेच 14 टक्के धरले तर 2,268. महिन्याला 810 रुपयांचा फरक, आणि तो जन्मभराचा. म्हणून निर्णयातला आकडा आणि आपल्या एक्स-रेवर दिसणारं हाड यांचा मेळ नक्की बसवून पाहा.

बोट जागेवर आहे पण वाकत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही, अशा हातांवर बोर्डात फार अन्याय होतो असं माझं स्पष्ट मत आहे. अवयवाचा वापर पूर्णपणे आणि कायमचा गेला, तर तो अवयव गेल्यासारखाच धरावा, असं अनुसूचीतच लिहिलेलं आहे. ही टीप अपिलात शब्दशः मांडा. सोबत बोट किती अंश वाकतं हे लिहिलेला अस्थिरोगतज्ज्ञाचा दाखला आणि नसांच्या तपासणीचा अहवाल लावा. ‘रुग्णाला त्रास होतो’ एवढंच लिहिलेल्या दाखल्याचा उपयोग होत नाही.

दिव्यांग प्रमाणपत्रावरचे टक्के आणि बोर्डाचे टक्के एक नव्हेत. ते प्रमाणपत्र वेगळ्या कायद्याखाली, वेगळ्या मापाने मिळतं. जोडायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

बोर्डाच्या निर्णयावर अपिलाची आजवर चालत आलेली मुदत तीन महिन्यांची आहे. उशिराचं सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. दोन वाटा आहेत. वैद्यकीय अपील न्यायाधिकरण, म्हणजे बोर्डाच्या निर्णयाची फेरतपासणी करणारी यंत्रणा, हिच्याकडे जाता येतं, आणि तिथेही पटलं नाही तर विमा न्यायालयात. किंवा थेट विमा न्यायालयात. मुद्दा निव्वळ हाताच्या तपासणीचा असेल तर मी पहिली वाट सुचवेन. 1948 चा कायदा जाऊन 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तरी ही उतरंड तिच्यातही आहे. अर्जाचा चालू नमुना शाखा कार्यालयातून घ्या.

इथे एक सापळा आहे. रक्कम लहान असली की ती दरमहा घेण्याऐवजी एकरकमी घेण्याची सोय असते. त्या अर्जावर सही करून पैसे घेतलेत, तर बोर्डाच्या त्या निर्णयावर अपील करता येत नाही. टक्के मान्य नसतील तर सही करू नका.

बोर्डाने काय तपासलं याचे कागद हवे असतील तर माहिती अधिकारात 10 रुपये भरून मागता येतात. उत्तराला 30 दिवस जातात, म्हणून हा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका.

वकिलाच्या पैशांसाठी अडून राहू नका. औद्योगिक कामगार, दिव्यांग व्यक्ती आणि महिला यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. विमा न्यायालयात नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारीही आपल्या लेखी अधिकारपत्रावर बाजू मांडू शकतो. त्यापुढे उच्च न्यायालय, पण तिथे फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न चालतो आणि मुदत 60 दिवसांची.

तपासणीच्या दिवशी सगळे एक्स-रे तारखेप्रमाणे लावून न्या. आधी कोणतं काम करत होतात आणि आता त्यातलं नेमकं काय जमत नाही ते सांगा. ‘हात दुखतो’ म्हणण्यापेक्षा ‘व्हर्नियर धरता येत नाही, म्हणून सेटरवरून हेल्परवर आलो’ हे सांगणं जास्त उपयोगाचं. वाढवून सांगू नका, आणि भिडेपोटी कमीही सांगू नका.

पत्र आज हाती पडलं असेल, तर आजच कॅलेंडरवर तीन महिन्यांनंतरच्या तारखेला खूण करा आणि तिच्या महिनाभर आधी अपील दाखल करून पोच घ्या.