धान्याची समान वाटणी

खानदेशातील जळगाव डाळ-गिरण्यांसाठी प्रसिद्ध आहे. अशा गिरणीत तूर भरडण्यापूर्वी चाळण्या, हवेचा झोत आणि खडे वेगळे करणारी यंत्रे यांतून जाते. परंतु एका एलिव्हेटरने वर चढविलेला माल अनेक यंत्रांत समप्रमाणात वाटण्याची तजवीज नसेल, तर उत्तमोत्तम यंत्रही निष्प्रभ ठरते, कारण जाड थरातली माती चाळणीच्या छिद्रापर्यंत पोहोचत नाही आणि विरळ थरातून हवा चांगला दाणाही उडवून नेते.

पांझरा नदीकाठच्या सिंचनाच्या फड-पद्धतीत पाटकरी पाण्याचे वाटप करतो, तेथे पाण्याचा स्वभावच त्याला साहाय्यभूत होतो. ते आपली पातळी स्वतः शोधते. धान्याचे तसे नाही. कोठारातील धान्याचा पुष्कळसा भार भिंती घर्षणाने पेलतात, हे यान्सेन या जर्मन अभियंत्याने 1895 मध्ये दाखवून दिले. तसेच वरची रास दुप्पट उंच केली तरी खालच्या तोंडातून पडणारा ओघ जवळजवळ तेवढाच राहतो. तो ठरतो तोंडाच्या व्यासावर, आणि तोही साधारण अडीचाव्या घाताने, म्हणजे व्यासात शेकडा 4 चा फरक राहिला की ओघात शेकडा 10 ची तफावत पडते.

याहून सूक्ष्म अडचण मिश्रणाची आहे, आणि माझ्या मते खरी कसोटी तीच. तिरप्या नळीतून वेगाने आलेले धान्य एका अंगास झुकते. राशीत बारीक माती मध्याजवळ साचते आणि मोठे दाणे उतारावरून कडेला घरंगळतात. अशा प्रवाहात नुसता उभा पडदा घातल्यास वजने कदाचित जुळतील, परंतु मातीचा बहुतेक हिस्सा एकाच यंत्राच्या वाट्यास जाईल. म्हणून विभाजकाच्या वर सदैव भरलेली पेटी ठेवून प्रवाहाचा वेग आधी मोडावा, धान्य सरळ शंकूच्या टोकावर पाडावे, आणि पडदे टोकापासून परिघाकडे त्रिज्येच्या दिशेने बसवावेत, जेणेकरून प्रत्येक हिश्श्यात मध्याचा नि कडेचा माल सारखाच येईल. शंकूचा उतार धान्याच्या विश्रामकोनाहून, जो गव्हाच्या बाबतीत सुमारे 25 ते 28 अंश असतो, बराच तीव्र हवा. पुढे दाण्यांच्या घर्षणाने पत्रा झिजतो, झडपा जागा सोडतात. तेव्हा सर्व तोंडांखालचा माल एकाच वेळी धरून तोलावा, आणि तेवढ्यावर न थांबता प्रत्येक नमुना चाळून त्यातील मातीही तोलावी.