विश्लेषण : घरात मानसिक आणीबाणी उद्भवली तर? तयारी आधीच कशी करावी?

समजा, रात्रीचे दोन वाजले आहेत. चार दिवस न झोपलेला मुलगा खोलीचे दार आतून लावून बसला आहे. घरात कॅमेरे लावलेत, असे तो ओरडतो आहे. आई डॉक्टरांची फाइल शोधते आहे, वडील दार ठोठावत आहेत. अशा वेळी काय करायचे, हे त्या रात्री ठरवता येत नाही. रुग्ण बरा असताना, त्याच्याशी बोलूनच ते ठरवून ठेवावे लागते.

आणीबाणी कधी समजायची?

आत्महत्येची भाषा किंवा तयारी, स्वतःला वा इतरांना इजा होण्याची शक्यता, भास-भ्रमांमुळे भान सुटणे, अन्नपाणी सोडणे. यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

कागदावर काय लिहून ठेवावे?

औषधांची नावे व डोस, अॅलर्जी, डॉक्टरांचा क्रमांक, त्रास वाढण्याआधीची लक्षणे आणि रुग्ण कोणाचे ऐकतो ते. रात्री दाखल करून घेणारे जवळचे रुग्णालय कोणते, याचीही आधीच चौकशी करावी. कागदाचा फोटो किमान दोघांच्या मोबाइलमध्ये असावा.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमू शकते. आणीबाणीत कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने, जास्तीत जास्त ७२ तास तातडीचे उपचार करू शकतो. रुग्णाला जवळच्या मानसिक आरोग्य केंद्रात नेणेही त्यात येते. विजेचे झटके (ईसीटी) मात्र या तरतुदीखाली देता येत नाहीत.

प्रत्यक्ष प्रसंगी काय करावे?

एकानेच, हळू आवाजात बोलावे. ‘कॅमेरे नाहीतच’ असा वाद घालू नये आणि ‘हो, आहेत’ असेही म्हणू नये. ‘तुला भीती वाटतेय, आम्ही आहोत’ एवढे पुरे. चाकू, दोरी, कीटकनाशके, जादा गोळ्या आधीच दूर ठेवाव्यात. रुग्णाला घेरू नये. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही सल्ला मिळतो. रुग्णवाहिकेसाठी १०८, जिवाला धोका असल्यास ११२. फोनवर मानसिक आजाराची माहिती सर्वांत आधी द्यावी.

प्रसंग निभावल्यानंतर?

रुग्ण सावरला की पुन्हा एकत्र बसावे. कशाने मदत झाली, कशाने त्रास वाढला, हे त्यालाच विचारावे आणि कागद नव्याने लिहावा.