चांदपूर : तलावाच्या आधाराने जगणारा परिसर

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकास तुमसर तालुका आहे. तुमसरहून निघालेला रस्ता सिहोरा या मोठ्या गावावरून बपेऱ्यास पोहोचतो व तेथे बावनथडी नदी ओलांडून मध्यप्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात शिरतो. याच सिहोरा परिसरात, सातपुड्याच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, चांदपूर हे लहानसे गाव वसलेले आहे. टेकडीवरील हनुमंताच्या देवस्थानामुळे भाविकांस हे नाव परिचित आहे. परंतु जिल्ह्याबाहेरील फारच थोड्या शेतकऱ्यांनी ते ऐकले असेल. वास्तविक, धानाची शेती आणि सामायिक पाणी यांचा संबंध ज्याला समजून घ्यावयाचा असेल, त्याने चांदपूर व त्याच्या भोवतीचा मुलूख अवश्य पाहावा.

परिसराची ओळख

या मुलखाच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा असून पूर्वेकडून वैनगंगा वाहते. बावनथडी ही वैनगंगेची उपनदी शिवनी जिल्ह्यात उगम पावते, काही अंतरापर्यंत महाराष्ट्र व मध्यप्रदेश यांची सीमा होऊन वाहते आणि पुढे वैनगंगेस मिळते. तालुक्याच्या डोंगराळ भागात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. अंबागडचा जुना किल्ला आणि महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेले गायमुख ही स्थळेही याच तालुक्यातील होत. तुमसर हे धानाच्या व्यापाराचे जुने केंद्र असल्यामुळे परिसरातील शेतमाल तेथे जातो.

भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत जुन्या मध्यप्रदेशात होता. त्यानंतर तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा निर्माण करण्यात आला. सध्याच्या भंडारा जिल्ह्यात भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, पवनी व लाखांदूर असे सात तालुके आहेत. सीमेवरचा मुलूख असल्याने सिहोऱ्याकडे मराठीबरोबर पोवारी व हिंदी बोलीही कानी पडतात. पोवार शेतकरी, गोंड, मासेमारी करणारे ढिवर आणि इतर अनेक समाज येथे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदत आले आहेत.

येथील पाऊसमान साधारणतः १,३०० मिलिमीटरच्या आसपास आहे. मराठवाड्यातील किंवा नगरकडील शेतकऱ्यास हा आकडा ऐकून हेवा वाटेल. मात्र त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो आणि धानास पाण्याची खरी निकड भासते ती अनेकदा पाऊस ओसरल्यानंतर. हस्ताचा पाऊस चुकला की हिरवेगार दिसणारे पीक पोटरीत असतानाच सुकू लागते. चार महिने पाण्यात उभे असलेले पीक शेवटच्या पंधरवड्यात हातचे जावे, याहून मोठे दुःख धान उत्पादकास दुसरे नाही. या एका अडचणीतून पूर्व विदर्भातील तलावांचा जन्म झाला.

तलावांची परंपरा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत जे हजारो जुने तलाव आहेत, त्यांस ‘मालगुजारी तलाव’ म्हणतात. गोंड राजांच्या काळापासून जंगल तोडून गाव वसवणाऱ्यास व तलाव बांधणाऱ्यास जमिनीचे हक्क देण्याची प्रथा होती. या कामी जिल्ह्याच्या दक्षिण भागातील कोहळी समाजाने विशेष नाव मिळवले. उताराचा नेमका अंदाज घेऊन पाणी कोठे अडवावे, हे ज्ञान त्यांच्या घराण्यांतून चालत आले होते.

या तलावांची रचना साधी पण विचारपूर्वक केलेली होती. मातीचा बांध म्हणजे ‘पाळ’, पाणी सोडण्याची मोरी म्हणजे ‘तुडुम’ आणि जास्तीचे पाणी वाहून जाण्याची वाट म्हणजे ‘सलंग’. एका तलावाच्या सलंगातून निघालेले पाणी बहुधा खालच्या दुसऱ्या तलावात अथवा बोडीत शिरे. बांध्यांना पाणी देण्याचे काम नेमलेला पाणकर करीत असे. पाळीची दुरुस्ती, पाटाची सफाई व गाळ काढणे ही कामे उन्हाळ्यात गावाने मिळून करावयाची, असा रिवाज होता. अर्थात मालगुजारी पद्धतीत अन्यायही पुष्कळ होता, हे विसरता येणार नाही. तलाव मालगुजाराचा आणि श्रम रयतेचे, अशी स्थिती अनेक ठिकाणी होती.

१९५० च्या कायद्यान्वये मालगुजारी हक्क नष्ट झाले व १९५१ पासून तलाव शासनाकडे आले. जमीनदारीचा अंत ही न्यायाची गोष्ट होती. परंतु तलावाचा मालक बदलला तेव्हा त्याची निगा कोणी राखावयाची, हा प्रश्न अनेक गावांत अनुत्तरित राहिला. पाळीवर झुडपे माजली, तुडुम निकामी झाले, तळाशी गाळ साचला आणि उथळ झालेल्या पात्रात बेशरमीच्या झुडपांनी ठाण मांडले. तलाव नकाशावर राहिला, पण त्यातील साठा घटला.

चांदपूरचा तलाव व बावनथडीचे पाणी

चांदपूरचा जलाशय हा मालगुजाराने बांधलेला नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शासनाने धानाच्या संरक्षणासाठी जे मोठे तलाव बांधले, त्यांपैकी तो एक होय. टेकड्यांवरून येणारे पावसाचे पाणी त्यात साठते व कालव्यावाटे सिहोरा परिसरातील धानाच्या बांध्यांस मिळते. भोवतालच्या वनराईमुळे हे स्थळ रमणीय झाले असून सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांची येथे वर्दळ असते.

केवळ टेकड्यांवरील पाणी दरवर्षी पुरेसे होईलच, असा भरवसा नसतो. म्हणून सोंड्याटोला उपसा सिंचन योजना उभारण्यात आली. पावसाळ्यात बावनथडीच्या प्रवाहातील पाणी पंपांच्या साहाय्याने उचलून चांदपूरच्या जलाशयात सोडावयाचे, असे या योजनेचे स्वरूप आहे. अशा रीतीने येथील तलावास दोन आधार लाभले : एक डोंगराचा व दुसरा नदीचा.

उपसा योजनेचे गणित मात्र नैसर्गिक तलावाहून वेगळे असते. उताराने येणारे पाणी मोफत येते. उचललेल्या पाण्याच्या प्रत्येक थेंबास विजेचा खर्च पडतो. पंप सुस्थितीत हवेत, वीज वेळेवर हवी, तिचे देयक भरले गेले पाहिजे आणि नदीस प्रवाह असतानाच उपसा झाला पाहिजे. यांपैकी एक कडी तुटली तर नदी दुथडी वाहून जाते आणि तलाव अर्धा राहतो. म्हणून अशा योजनेच्या लाभक्षेत्रात पाणीपट्टी भरणे हे सरकारवर उपकार करणे नसून स्वतःच्या पिकाचा विमा उतरविण्यासारखे आहे.

शेवटच्या बांधीचा प्रश्न

कालव्याच्या मुखाजवळील शेतकऱ्यास पाणी लवकर व भरपूर मिळते. जसजसे शेपटाकडे जावे तसतसा प्रवाह क्षीण होतो. हा अनुभव जगातील बहुतेक सर्व कालव्यांवर येतो. वरच्या शेतकऱ्याने पाट फोडून गरजेपेक्षा दुप्पट पाणी घेतले तर त्याचे उत्पन्न दुप्पट होत नाही. खालच्या शेतकऱ्याचे मात्र सर्व पीक जाते. पाण्याचा तंटा गावात शिरला म्हणजे तो केवळ धानापुरता राहत नाही.

धानास सतत गुडघाभर पाणी हवे, ही समजूत चुकीची आहे. रोवणीनंतर रोप सावरेपर्यंत दोन ते तीन सेंटिमीटर व फुटवे येण्याच्या काळात सुमारे पाच सेंटिमीटर पाणी बांधीत पुरे होते. पाणी सर्वाधिक महत्त्वाचे ठरते ते फुटवे येताना, पोटरीच्या वेळी, फुलोऱ्यात व दाणे भरताना. कापणीपूर्वी आठ-दहा दिवस बांधी कोरडी करावी. धुरे पक्के ठेवावेत, खेकड्यांची व उंदरांची बिळे बुजवावीत, म्हणजे पाणी वाया जात नाही. वरच्या शेतकऱ्याने एवढे पथ्य पाळले, तर वाचलेले पाणी आपोआप शेवटच्या बांधीपर्यंत पोहोचते.

बाली बेटातील उदाहरण

पाण्याची वाटणी व पिकाचे वेळापत्रक यांचा संबंध किती निकट असतो, हे इंडोनेशियातील बाली बेटाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. तेथे एका पाटावरील भात उत्पादकांच्या मंडळास ‘सुबक’ म्हणतात. ही मंडळे शेकडो वर्षांपासून चालत आली आहेत. पाणी कोणी केव्हा घ्यावे व लावणी केव्हा करावी, हे सभासद एकत्र बसून ठरवतात. पाण्याच्या देवळांतील उत्सवांशी हे वेळापत्रक जोडलेले असते. वर्षाच्या ठरावीक काळात मोठ्या क्षेत्रावरील शेते एकाच वेळी मोकळी राहत असल्यामुळे किडींस खाद्य मिळत नाही.

१९७० नंतर अधिक उत्पादनाच्या हेतूने तेथे प्रत्येकाने शक्य तितक्या वेळा नवे वाण लावावे, असा आग्रह धरण्यात आला. परिणामी लावणीचा मेळ बिघडला, पाण्याची ओढाताण झाली व किडींचा उपद्रव वाढला. पुढे अभ्यासकांनी जुन्या पद्धतीचे महत्त्व मान्य केले. २०१२ मध्ये बालीतील सुबक व्यवस्थेचा जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला. नवे वाण टाकाऊ होते, असा याचा अर्थ नव्हे. सामायिक पाण्यावर प्रत्येकाने स्वतंत्र वेळापत्रक चालवले तर चांगले वाणही अपुरे पडते, हा त्याचा बोध होय.

हाच बोध वैनगंगेच्या खोऱ्यात लागू पडतो. शेजारशेजारच्या बांध्यांत रोवणी महिनाभर मागेपुढे झाली, तर गादमाशी, खोडकिडा व तुडतुडे यांस एका शेतातून दुसऱ्या शेतात आयता आसरा मिळतो. शिवाय कालव्यास पाणीही दीर्घकाळ सोडावे लागते. एका पाटावरील शेतकऱ्यांनी सारख्या कालावधीचे वाण निवडून एकाच आठवड्यात पऱ्हे टाकले व पंधरवड्याच्या आत रोवणी उरकली, तर पाणी व फवारणी या दोन्हींचा खर्च कमी होतो.

दुसऱ्या पिकाचा विचार

तलावात पाणी शिल्लक असले म्हणजे उन्हाळी धानाचा मोह होतो. त्या धानास खरिपापेक्षा पुष्कळ अधिक पाणी लागते व त्याचा लाभ मोजक्याच शेतकऱ्यांस मिळतो. तेच पाणी हरभरा, जवस, मूग किंवा भाजीपाल्यास दिले तर कितीतरी अधिक क्षेत्र भिजते. उभ्या धानात कापणीपूर्वी लाखोळी फेकण्याची येथील जुनी पद्धतही ओलाव्याचा उत्तम उपयोग करते. लाखोळीच्या विक्रीवर १९६१ मध्ये घातलेली बंदी महाराष्ट्रात २००८ मध्ये उठविण्यात आली. तथापि तिच्यातील अपायकारक द्रव्य लक्षात घेऊन कमी विषारी सुधारित वाण पेरावे आणि केवळ तिच्यावरच आहार अवलंबून ठेवू नये. वाणांबाबत साकोली येथील कृषी संशोधन केंद्र व कृषी विज्ञान केंद्र यांचा सल्ला घ्यावा.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांचे काम

महाराष्ट्रात सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याबाबतचा कायदा २००५ मध्ये संमत झाला. त्यानुसार लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांस पाणी वापर संस्था स्थापून वाटणीचे काम स्वतःकडे घेता येते. मात्र कागदावर नोंदलेली संस्था म्हणजे चालणारी संस्था नव्हे. कार्यकर्त्याने पुढील गोष्टी लोकांकडून करवून घ्याव्यात.

पहिली, मृगापूर्वी एक सभा भरवून वाण, पऱ्हे टाकण्याचा आठवडा व पाण्याच्या पाळ्या ठरवाव्यात. सभेत शेपटाकडील शेतकऱ्यांस प्रथम बोलू द्यावे. दुसरी, पाळ्यांचा तक्ता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सर्वांस दिसेल असा लावावा. तिसरी, पाणी सुटण्यापूर्वी शेतचाऱ्यांची सफाई श्रमदानाने करावी. प्रत्येकाने आपल्या शेताच्या लांबीइतकी चारी साफ केली तरी मोठे काम होते. चौथी, गावातील लहान तलाव व बोड्यांतील गाळ उन्हाळ्यात काढून बरड जमिनीवर पसरावा. २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचा उद्देश हाच आहे. मात्र पाळीच्या पायथ्याजवळ खोदू नये, अन्यथा पाळ कमजोर होते. पाचवी, मासेमारी करणाऱ्या ढिवर बंधूंस या सभेत बोलवावे. तलाव पूर्ण आटवला तर त्यांची उपजीविका बुडते.

चांदपूरचा तलाव शासनाने बांधला आणि बावनथडीचे पाणी यंत्राने वर आणले. तलावापासून शेवटच्या बांधीपर्यंतचे अंतर मात्र कोणतेही यंत्र एकटे पार करू शकत नाही. ते शेजाऱ्याने शेजाऱ्यासाठी पार करावयाचे असते. ज्या वर्षी हस्त कोरडा जाईल, त्या वर्षी कालव्याच्या शेपटाकडील धानाच्या लोंब्या भरल्या की नाही, हे पाहावे. त्या भरल्या असतील, तर त्या गावाची पाणी व्यवस्था उत्तम आहे, असे खुशाल समजावे.