एमसीबी असूनही शॉक का बसतो?

घरातील वायरिंगसाठी भारतीय मानक ब्युरोची आयएस ७३२ ही संहिता आहे, अर्थिंगसाठी आयएस ३०४३. स्विच फेजवरच हवा. न्यूट्रलवर बसवला तर दिवा बंद दिसतो, पण होल्डरमध्ये वीज राहते. न्यूट्रलची तार काळी, अर्थिंगची हिरवी. हे रंग बदलणे पुढे दुरुस्ती करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

सर्वांत घातक गैरसमज म्हणजे एमसीबी हा छोटा सर्किट ब्रेकर शॉकपासून वाचवतो. तो जादा भार आणि शॉर्टसर्किट ओळखतो; माणसाचा जीव घेणारा प्रवाह त्याच्या लेखी अगदीच किरकोळ असतो. हा प्रवाह पकडतो तो आरसीसीबी हा वेगळा ब्रेकर. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह तो सतत ताडून पाहतो. घरगुती वापराचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या फरकाला क्षणार्धात पुरवठा तोडतो. गीझर असलेल्या घरात तो हवाच, आणि त्याचे टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहायला हवे.