स्वातंत्र्यलढ्यातील स्त्रिया : श्रम, नोंद आणि हक्क

भारतीय स्वातंत्र्यलढ्यातील स्त्रियांच्या सहभागाचे वर्णन सामान्यतः त्याग आणि शौर्य या शब्दांत केले जाते. ते यथार्थ असले, तरी अपुरे आहे. या सहभागाला आर्थिक आशयही होता.

१२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून दांडीकडे निघालेल्या पहिल्या तुकडीत एकही स्त्री नव्हती. स्त्रियांनाही सत्याग्रहात स्थान मिळावे, असा आग्रह कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी गांधीजींकडे धरला. पुढे मुंबईत कमलादेवी आणि अवंतिकाबाई गोखले यांनी मिठाचा कायदा मोडला; २१ मे रोजी धारासणा येथील सत्याग्रहाचे नेतृत्व सरोजिनी नायडू यांनी केले. मीठ व कापड या दोन्ही वस्तू घरखर्चातील होत्या. त्यामुळे मीठकरास विरोध आणि विदेशी कापडावरील बहिष्कार यांचे यश बऱ्याच अंशी गृहिणींच्या निर्णयांवर अवलंबून होते.

तुरुंगात गेलेल्यांची नोंद सरकारी दप्तरात झाली. कर्ता पुरुष कारावासात असताना घर व शेती सांभाळणाऱ्या, कार्यकर्त्यांना अन्न व आसरा देणाऱ्या असंख्य स्त्रियांचे श्रम मात्र कोणत्याही हिशेबात आले नाहीत.

या सहभागातून हक्कांची मागणी बळावली. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात स्त्री-पुरुष समता, प्रौढ मताधिकार आणि स्त्री-कामगारांचे संरक्षण यांचा समावेश झाला. राष्ट्रीय नियोजन समितीने १९३९ मध्ये राणी लक्ष्मीबाई राजवाडे यांच्या अध्यक्षतेखाली स्त्रियांविषयी उपसमिती नेमली. पैशात न मोजले जाणारे घरकाम हेही सामाजिक संपत्तीत भर घालते, असे तिने प्रतिपादन केले. १५ स्त्री-सदस्यांचा सहभाग लाभलेल्या संविधान सभेने घडविलेल्या राज्यघटनेने १९५० मध्ये समान मताधिकार दिला. वडिलोपार्जित एकत्र संपत्तीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क देणारी हिंदू उत्तराधिकार कायद्यातील केंद्रीय दुरुस्ती मात्र २००५ मध्ये झाली.

उपसमितीचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या सहा वर्षे व त्यावरील व्यक्तींमध्ये स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर पुरुष ८८ मिनिटे. हा वेळ आता मोजला जाऊ लागला, ही प्रगतीच होय. परंतु मोजणी ही पहिली पायरी आहे. पाणी, इंधन आणि पाळणाघरे यांवरील सार्वजनिक खर्च ठरविताना या मिनिटांचा विचार होईल, तेव्हाच त्या अनाम स्त्रियांचे ऋण काही अंशी फिटेल.